सरदारजींनी अळू खणला तेव्हा

सासूबाई चंडीगडला आल्या त्या दिवशी असा पाऊस कोसळत होता की स्टेशनवरून घरी पोचेपर्यंत त्यांची ट्रंक, त्यांची वळकटी आणि त्यांचा मुलगा, तिघंही पिळून वाळत घालायच्या लायकीचे झाले होते. त्या स्वतः मात्र खडखडीत कोरड्या. रिक्षात ताडपत्री एकच होती आणि ती कुणी पांघरायची हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडलाच नव्हता. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि उंबरठा ओलांडता ओलांडता त्यांनी निकाल देऊन टाकला.

"माझी ट्रंक उघडून सगळं पसरू नकोस. ऋषिपंचमीपर्यंत राहणार आहे. ती झाली की तुला आणि पोरीला घेऊन सांगलीला जाणार."

झालं! आषाढ चालू होता आणि ऋषिपंचमी भाद्रपदात. म्हणजे माझ्या हातात एक पावसाळा, तोही पुरता नाही.

त्यांचं काही चुकत होतं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. वर्षंच तशी होती ती. सकाळी पेपर उघडला की पंजाब, संध्याकाळी बातम्या लावल्या की पंजाब. चौकात वाळूची पोती, बसमध्ये चढलं की बसायच्या आधी सीटखाली वाकून बघायचं, बेवारस वस्तूला हात लावू नका अशा पाट्या, मधूनच कर्फ्यू. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी आणि सारखी जालंधर-लुधियानाकडे फिरती. सांगलीत बसून हे सगळं वाचणाऱ्या बाईनं सुनेला आणि नातीला घेऊन जाते म्हणणं साहजिकच होतं. शिवाय सासरे नुकतेच गेले होते आणि त्या एवढ्या मोठ्या घरात एकट्याच होत्या.

पण मला जायचं नव्हतं. स्पष्टच सांगते, अजिबात जायचं नव्हतं. ह्यांना इथं एकटं टाकायचं आणि तिकडे रेडिओला कान लावून बसायचं, हे मला जमणारच नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, जरा लाजेची आहे पण सांगते. लग्नानंतर पहिल्यांदा मला माझं असं घर मिळालं होतं आणि घरामागे माझी अशी बाग.

"तुम्ही सांगा की आईंना," मी ह्यांना म्हटलं.

"बघू," हे म्हणाले. आईपुढे ह्यांचं मांजर व्हायचं. म्हटलं, ठीक आहे, आपलं आपल्यालाच निस्तरायला हवं.

बाग म्हणजे काय, सरकारी क्वार्टरच्या मागचा एक पट्टा. पण सांगलीला तुळशीचं एक पान खुडायचं तर विचारावं लागायचं, इथं मी महाराणी होते. मी पुदिना लावला, तो मिळेल तिकडे पळत सुटला. गवती चहा लावला, ओव्याची पानं लावली, मिरच्या, भेंडी, लाल माठ, कडेच्या भिंतीवर मांडव घालून दोडका आणि पडवळ, आणि मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथं अळू. अळवाची रोपं काही मिळाली नव्हती. मग बाजारातून भाजीची अरबी आणली आणि तेच कंद पुरले. इथला पाऊस आपल्यासारखा रिपरिपत नाही. डोंगराकडून काळंकुट्ट होऊन येतं, तासभर बदाबदा ओततं आणि थांबलं की असं उकडतं की विचारू नका. माणसांचे हाल, पण वेलांची चंगळ. सकाळी बघितलेला दोडक्याचा शेंडा संध्याकाळी दुसऱ्याच काठीला मिठी मारून बसलेला असायचा. मी पावसात डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून त्या चिखलात नाचायची. खरंच नाचायची, पोरगी साक्षीला आहे.

कमरेएवढ्या भिंतीपलीकडे सरदारजी राहायचे. रिटायर्ड ओव्हरसियर, पांढरी दाढी, पट्ट्यापट्ट्याचा पायजमा, हातात कायम खुरपं. त्यांची बायको, तिला सगळी लाईन बीजी म्हणायची. मुलं परदेशी, घरात दोघंच. माणूस लाखात एक. पण त्यांच्या मदतीची मला भारी धास्ती. आम्ही आलो त्या पहिल्या वर्षी मी गवती चहाचा ठोंब लावला, तो कसाबसा धरला, आणि एका सकाळी बघते तर जागा साफ. सरदारजी भिंतीवरून हसून म्हणाले, "बेटा, तेरा घास निकाल दिया मैंने!" थँक्यू म्हटलं आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. पुढे त्यांना त्याच चहाची अशी चटक लागली की रोज चार वाजता भिंतीवर त्यांचा स्टीलचा ग्लास येऊन बसायचा.

सासूबाईंनी मात्र पहिल्या सकाळी भिंतीपलीकडची ती पगडी बघितली आणि तरातरा आत येऊन मागच्या दाराला कडी घातली.

"आई, ते शेजारी आहेत," मी म्हटलं.

"असू देत. पेपरात वाचलंय मी सगळं."

"पेपरात आपल्या शेजाऱ्यांचं काही नव्हतं हो."

"उद्या येईल," त्या म्हणाल्या. आमची पोरगी दिवसभर बीजीच्या स्वयंपाकघरात लोणी-पराठे हाणायची आणि घरी मराठीत विचारलं की पंजाबीत उत्तर द्यायची, हे मी त्यांना चार दिवस कळूच दिलं नाही.

आता ऋषिपंचमीचं सांगते. त्या दिवशी बायका उपास करतात आणि बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाजी नाही, घाण्याचं तेल नाही. हातानं खणून, हातानं लावून आलेलं तेवढंच. त्याची एकच मिसळीची भाजी करतात, फोडणी न देता, चिंच आणि ओली मिरची घालून. अळू, माठ, भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याचं कणीस, सुरण, काय असेल ते. आमच्या सासूबाईंची ही भाजी सांगलीत आमच्या गल्लीत प्रसिद्ध. आणि सोवळं असं कडक की भाजी परसातलीच हवी, विकतच्या पानाला त्या दिवशी घरात थारा नाही.

"इथं कुठलं मिळतंय तसलं?" त्या म्हणाल्या. "यंदा माझं व्रत मोडणार बघ."

इथंच माझ्या डोक्यात चक्र फिरलं. म्हटलं, ही भाजी ह्या बागेतून सासूबाईंच्या पानात पडली पाहिजे. सणवार इथं होतात, देवधर्म इथं होतो, सुनेचा हात इथल्या मातीत चालतो, हे एकदा पटलं की अर्धी लढाई जिंकली. मी छाती काढून म्हटलं, "आई, सगळं बागेत आहे. या बघायला."

त्या आल्या, बागेवरून एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "ही बाग आहे का जंगल?"

झालं, दुसऱ्या दिवसापासून मी महाराणीची मोलकरीण झाले. पुदिन्याला वाफ्यात कोंडलं. भेंडीची रांग मोडून परत लावली. नऊवारीवर ह्यांचा रेनकोट चढवून, पदर खोचून त्या भर पावसात उभ्या राहायच्या आणि मला हुकूम सोडायच्या. अळवावर तर त्यांची खास नजर. "ऋषीपर्यंत एका पानाला हात लावायचा नाही. आणि आत पाय घालू नकोस, मुळं दुखावतात. अळवाचं मी बघीन." पानं सुपाएवढी झाली, त्यांवर पाण्याचे थेंब डुलायला लागले. श्रावण लागला तरी आम्ही अळूवडीशिवाय बसलेलो. माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, पण गप्प.

त्यांनी ट्रंकेतून सुरणाचे दोन गड्डे आणले होते, एक मोठा आणि एक मुठीएवढा. छोट्याला प्रवासातच गुलाबी कोंब फुटला होता. मी म्हटलं, "आई, हा लावूया ना."

"सुरण म्हणजे काय मेथी आहे, टाकली आणि उपटली? आज लावला तर तीन पावसाळ्यांनी खायला मिळतो. इथं तीन पावसाळे कोण बसतंय?"

माझं तोंड एवढंसं झालं. गड्डे कांद्याच्या टोपलीत गेले.

मग आलं पडवळ प्रकरण. पडवळाला खाली वजन बांधलं नाही तर तो वाकडातिकडा वळतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दोरीला दगड बांधायचा आणि लोंबता सोडायचा. पण आमच्या अंगणात बांधण्याजोगा दगड औषधाला मिळेना. सासूबाईंनी घरात शोधाशोध केली आणि त्यांना ह्यांचा खजिना सापडला: टॉर्चचे संपलेले सेल. वीज सारखी जायची, टॉर्च सारखा लागायचा, आणि ह्यांना काही टाकवत नाही. बोळकंभर सेल निघाले. सुतळीनं बांधले तर सुतळी पावसात कुजायला लागली. मग त्याच खजिन्यातली तांब्याची बारीक वायर आली. दिसायला झकास. पांढरेफटक लांब पडवळ, प्रत्येकाला खाली वायरनं बांधलेला सेल. मांडव भिंतीवरचा, त्यामुळे निम्मे पडवळ सरदारजींच्या बाजूला लोंबत होते.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या कुणाच्याही आलं नाही, देवाशप्पथ!

एका सकाळी भुरभुर पाऊस होता. मागच्या गल्लीतून गस्तीचे जवान चालले होते. मी पोळ्या लाटत होते. एकदम बाहेरून आवाज आला, "हाथ ऊपर! हिलना मत!" लाटणं टाकून मी धावले. बघते तर सरदारजी मांडवाखाली दोन्ही हात वर करून उभे, एका हातात खुरपं तसंच. गल्लीतून दोन बंदुका त्यांच्याकडे रोखलेल्या. आणि मध्ये आमचे पडवळ, सेलांसकट, वाऱ्यावर डुलतायत.

"ये क्या लटका रखा है?" एक जवान ओरडला. पोरगाच होता तो, आवाज चिरकत होता. सरदारजी एकदा त्याच्याकडे, एकदा पडवळाकडे बघत होते. त्यांना तरी काय माहीत, पडवळाला सेल कशाला लागतात ते!

तेवढ्यात माझ्या शेजारून रेनकोट फडफडवत सासूबाई गेल्या. ज्या बाईनं इतके दिवस त्या भिंतीपलीकडे ढुंकून बघितलं नव्हतं, ती कपडे धुवायच्या दगडावर चढली आणि भिंतीवरून वाकून गरजली, "ओ पोलीस! बंदूक नीचे करो! वो उनका नहीं है, मेरा है! मेरा पडवळ है!"

"क्या है?" जवान.

"भाजी है! भाजी!" आणि त्यांनी हात लांब करून एक पडवळ तोडला, कडाकडा चावून खाल्ला. कच्चा! कच्चा पडवळ कधी खाल्लाय? खाऊ नका. त्यांचा चेहरा असा वेडावाकडा झाला की मला त्या भीतीतसुद्धा फस्सकन हसू फुटलं. "देखो! मैं मरी क्या? नहीं मरी!"

"और ये सेल?"

"वजन! वजन नहीं लगाया तो टेढा होता है!" त्यांनी बोट वाकडं करून दाखवलं. "तुम्हारी आई ने कभी लगाया नहीं क्या?"

त्यांच्यातला वयस्कर जवान पुढे आला. त्यानं एक सेल सोडून हातात घेतला, वायर उलगडून बघितली आणि हसायलाच लागला. मग पोरगाही हसायला लागला. मी तर खालीच बसले, पोट धरून. "माताजी," वयस्कर जवान म्हणाला, "पत्थर बाँधो, पत्थर. आजकल के दिनों में ये मत लटकाओ."

"इधर पत्थर नहीं मिलता. तुम लाके देव," सासूबाई म्हणाल्या. आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी मागच्या फाटकाशी गोल गोटे ठेवलेले होते, एका ओळीत.

सगळे हसत होते, सरदारजी सोडून. ते तिथंच वाफ्याच्या कडेला बसले. खुरपं पायाशी पडलं होतं, ते उचलायचंही भान नव्हतं. सासूबाईंनी ते बघितलं. घरात येऊन त्यांनी गवती चहा उकळला, आलं जास्त घातलं, आणि मी हात पुढे केला तर मला म्हणाल्या, "मी नेते." मग दारात थांबून म्हणाल्या, "एवढा म्हातारा माणूस, स्वतःच्या अंगणात हात वर करून उभा. माझ्या सेलांपायी." त्यांचे डोळे भरून आले होते. चहा घेऊन त्या भिंतीशी गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी पाऊस थांबल्यावर मी खिडकीतून बघितलं, तर सरदारजी भिंतीच्या ह्या बाजूला, आमच्या अळवाच्या कोपऱ्यात कुदळ घेऊन, आणि सासूबाई त्यांना हातवारे करून काहीतरी सांगतायत. म्हटलं अळवाला माती लावत असतील.

त्याच सुमारास टोपलीतला सुरणाचा छोटा गड्डा नाहीसा झाला. मी उंदराला शिव्या दिल्या आणि पिंजरा लावला.

मग काय, भिंत नावालाच राहिली. सासूबाई आणि बीजी ह्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे त्यांचं कधी संपायचंच नाही. सरदारजींना ऋषिपंचमीचं समजावून सांगायला सासूबाईंना अख्खी दुपार लागली. भोपळा आणि मका आमच्या बागेत नव्हता, तो हवा होता. पण बैलाचा नको.

"बैल?" सरदारजी खो खो हसले. "भैणजी, साडे पिंड विच बैल है ही नहीं! सब ट्रॅक्टर!"

सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री केली. सरदारजींच्या गावात कुणाकडे एकही बैल नाही, नांगरट सगळी ट्रॅक्टरनं. म्हणजे बघा, व्रताच्या नियमानं सगळा पंजाबच ऋषींना चालणारा! आम्ही इकडे परसात खुरपी घेऊन मरतोय आणि तिकडे मैलोन्‌मैल शेतं बैलाशिवायची. सासूबाईंना दोन दिवस झोप लागली नाही. हे म्हणाले, "आई, बैल नाही म्हणजे चालेल की." "तू गप्प बस," त्या म्हणाल्या. शेवटी तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता निर्णय झाला. "ऋषी बैलाला जपत होते. ट्रॅक्टरला कोण जपतंय? भोपळा आणि मका तुमच्या गावचा चालेल. शेजाऱ्याचा आहे, विकतचा नाही. पण अळू माझ्या हातचाच. अळवाशिवाय ऋषीची भाजी नाही, आणि त्यात तडजोड नाही."

गणपतीच्या आधी दोन दिवस पाऊस थांबलाच नाही. मागच्या अंगणात घोटाभर पाणी. चतुर्थीच्या सकाळी आम्ही दोघी सुपारीचा गणपती मांडून मोदकांच्या मागे लागलो होतो. उकड निघाली, पाऱ्या वळल्या, आरती झाली, नैवेद्य झाला. दुपारी पाऊस जरा ओसरला तशी मी सूप घेऊन बागेत गेले. म्हटलं, उद्यासाठी अळू आत्ताच कापून ठेवावा.

अळू नव्हता.

नुसता चिखल. खणलेला, उकरलेला, सपाट केलेला चिखल. कोपऱ्यात एक कसलंसं ठिपक्याठिपक्यांचं दांडकं तेवढं उभं होतं. त्याच्याकडे बघायला सवड कुणाला! आणि भिंतीवर एक टोपली, धुतलेल्या, केस काढलेल्या, चकचकीत अरबीच्या कंदांनी शिगोशीग भरलेली. मागे सरदारजी, दाढीपासून पायापर्यंत चिखलानं माखलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की काय सांगू.

"बेटा, पानी भर गया था. एक दिन और रहती तो सारी गल जाती. मैंने कहा, तुम्हारा त्योहार है, तुम काम में हो. मैंने निकाल दी!"

गवती चहाची पुनरावृत्ती! इकडे अरबी म्हणजे जमिनीखालचा कंद, पानं कोण खातंय? आणि आम्ही ऋषीसाठी राखून एकही पान तोडलं नव्हतं, मग त्यांना कळणार तरी कसं? माझ्या डोळ्यांपुढे सांगलीचं तिकीट नाचायला लागलं. व्रत मोडणार, सासूबाई म्हणणार बघ, म्हटलं नव्हतं, इथं काही होत नाही म्हणून, आणि मी पोरीला काखोटीला मारून गाडीत बसणार. मी भिंतीला टेकून भोकाड पसरलं. हो, बाईमाणूस, एका लेकराची आई, सरदारजींसमोर भोकाड पसरलं.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी चिखल बघितला, टोपली बघितली, माझं रडणं बघितलं, सरदारजींचा पडत चाललेला चेहरा बघितला. मी वाट बघत होते आता स्फोट होणार.

"पान?" त्यांनी विचारलं. "पान किधर फेका?"

"पत्ते?" सरदारजी गोंधळले. "वो तो उधर, खाद के गड्ढे में."

सासूबाईंनी काष्टा वर खोचला आणि भिंत चढल्या. मी म्हटलं, अहो आई, पडाल! पण त्या पलीकडे उतरल्या होत्या. खताच्या खड्ड्यावर सकाळचीच पानं, पावसात भिजत पडलेली, ताजी टवटवीत. तेवढ्यात परत सर आली. मग त्या पावसात आम्ही चौघं, मी, सासूबाई, बीजी आणि सरदारजी, खड्ड्याभोवती वाकून अळू वेचत होतो. बीजी प्रत्येक पान उचलून विचारत होती, "एह वी? एह वी खांदे हो?" हेपण खाता का म्हणून, आणि सरदारजी कपाळावर हात मारून घेत होते. सासूबाईंना हसू आवरेना. त्यांचा तोल गेला, त्यांनी मला धरलं, मी बीजीला धरलं, आणि तिघी मिळून पचकन खड्ड्यात बसलो. "बसा आता!" सासूबाई म्हणाल्या, आणि खत अंगावर घेऊन अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. सासरे गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाजी झाली. खड्ड्यातल्या पानांना सात पाणी दिलं आणि माझ्या समाधानासाठी आठवंही दिलं. हाताचा अळू, गल्लीतल्या गोट्यांवर वाढलेले पडवळ, ट्रॅक्टरचा भोपळा, सुरणाचा मोठा गड्डा, आणि हो, सरदारजींनी खणलेले कंदही सोलून घातले, वाया कशाला घालवायचे! सरदारजी आणि बीजी आमच्या व्हरांड्यात पाटावर जेवायला बसले. बाहेर पाऊस, मांडवावरून पागोळ्या. बीजी बोटं चाटत होती. मी वाढत होते, पण माझं सगळं लक्ष सासूबाईंकडे होतं, कारण मला माहीत होतं आता काय येणार.

आलंच. हे म्हणाले, "आई, ऋषिपंचमी झाली. तिकिटं कधीची काढू? तीनच ना?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. इतके दिवस केलेलं सगळं त्या एका उत्तरावर होतं. सासूबाई कणीस सोलत होत्या.

बोलले सरदारजी. त्यांना कालपासून चैन नव्हतं, दर घासाला माफी मागत होते. "भैणजी, गलती हो गई. पर आपवाला मैंने छुआ भी नहीं," ते म्हणाले. "आपने बोला था ना, इसको तीन साल हाथ नहीं लगाना." आणि त्यांनी तीन बोटं वर केली.

"कुठला? काय तीन साल?" मी विचारलं. सासूबाईंनी कणसातून मान वर काढली नाही.

मी डाव टाकून पावसात पळाले. अळवाच्या मोकळ्या कोपऱ्यात ते दांडकं उभं होतं. हिरवं, पांढऱ्या ठिपक्यांचं, आणि वर छत्रीसारखं उघडलेलं एकच पान. सुरण! टोपलीतून उंदरानं नेलेला सुरण. मोठ्या पानांआड लपून तो इतके दिवस वाढत होता, आणि मला तिथं पाय घालायची बंदी होती ती त्यांच्या पथ्यावरच पडली होती. कोंब एवढा वर यायला महिना तरी लागतो. म्हणजे पडवळाच्या दिवशीच, त्या संध्याकाळी, कुदळ घेतलेल्या सरदारजींकडून खड्डा करून घेऊन त्यांनी तो लावला होता. मी त्यानंतर जीव काढून केलेली सगळी खटपट, ती रड, ते आठवं पाणी, सगळं उगीच. त्यांचं ठरून गेलं होतं. मी त्या पानाखाली उकिडवी बसले आणि हसतेय की रडतेय ते माझं मलाच कळेना.

आतून ह्यांचा आवाज आला. ह्यांना अजून काहीच उमगलं नव्हतं. "आई, मग तिकिटं?"

"सांगलीच्या घराला कुलूप आहे. घर काही कुणी उचलून नेत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तीन पावसाळ्यांनी बघू." मग खिडकीशी येऊन माझ्यावर ओरडल्या, "आत ये गं, भिजतेयस! बीजींचं पान रिकामं आहे, भाजी वाढ आधी."